लाखेच्या तबकड्या आणि हौशी इतिहासकार : एका जुन्या वादाची आजची स्थिती

भारतात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या निघायच्या थांबल्या त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्या नव्या असताना दुकानातून विकत घेणारी पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. मुंबईच्या चोरबाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, वाडे पाडले जात असताना माळ्यांवरून त्या उचलून आणणाऱ्या संग्राहकांची पहिली फळीही सत्तरी-ऐंशीत पोहोचली आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे गप्पांच्या पातळीवर असलेला एक वाद आता निकडीचा झाला आहे. तबकड्या जमवणे हा केवळ षौक आहे की ते इतिहासाचे काम आहे? काम असेल तर ते कुणाच्या कसोट्यांवर तपासायचे, आणि संग्राहकामागे त्याचे पुढे काय व्हायचे? महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नांवर बरीच मते तयार झाली आहेत, उत्तरे थोडी आहेत.

यंत्र आले, आवाज आला

एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. त्यावर नळकांडी चालत. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तबकडीने नळकांड्याला बाजारातून हुसकावले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहर जानचा आवाज घेतला. तेव्हा तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कामगारांना इथल्या भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून गाण्याच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारत असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कंपनीचा कारखाना निघाला, १९२८ मध्ये डमडमचा मोठा कारखाना.

मुंबई ही या धंद्याची दुसरी पेठ. ग्रामोफोन कंपनीखेरीज निकोल, बेका, ओडियन अशा परदेशी कंपन्यांनी इथे नशीब अजमावले. त्यांना इथे तयार माल मिळाला तो संगीत नाटकांचा. 'मानापमान' १९११ मध्ये रंगभूमीवर आले, 'स्वयंवर' १९१६ मध्ये, आणि बालगंधर्वांची पदे नाटकगृहात पाऊल न ठेवलेल्या माणसांच्या घरी पोहोचली ती तबकडीवरून. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण आले. त्याआधीचे सगळे मुद्रण कर्ण्यात तोंड घालून झालेले आहे. केशवराव भोसले १९२१ मध्येच गेले, तेव्हा त्यांचा जो काही आवाज आपल्याकडे आहे तो कर्ण्यातून गाळून आलेला. गायनाच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

दोन छंद एकत्र कसे आले

महाराष्ट्राला हौशी इतिहाससंशोधनाची परंपरा नवी नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो विद्यापीठाच्या आश्रयाने नव्हे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळामास्तर होते. पारसनीस साताऱ्यात बसून कागद जमवत होते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही अशाच माणसांच्या जोरावर. गावोगाव फिरायचे, इनामदाराच्या वाड्यातले रुमाल सोडवायचे, जे सापडेल ते छापून टाकायचे, ही त्यांची रीत. त्यांच्या दृष्टीने साधन म्हणजे कागद. फार तर नाणे किंवा शिलालेख. आवाज हे साधन असू शकते ही कल्पना त्या काळी सुचण्यासारखी नव्हती, कारण तो आवाज तेव्हा बाजारात नवा मिळत होता.

तबकड्या जमवणारे मुळात इतिहासाकडे आलेच नाहीत. ते गाण्यापायी आले. लाँगप्ले आणि मग कॅसेट आल्यावर घराघरांतून लाखेच्या तबकड्या रद्दीत निघाल्या आणि काही कानसेनांनी त्या वाचवल्या. या विखुरलेल्या लोकांना एकत्र आणण्याचे श्रेय १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ला द्यावे लागते. सुरेश चांदवणकर हे त्या कामातले सर्वांत परिचित नाव, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्या मंडळींचे नियतकालिक. चारच वर्षांनी पॉप्युलर प्रकाशनाने ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनियर यांचे ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय मुद्रणांवरचे पुस्तक काढले. किनियर यांनी तबकड्यांची सूची अशा शिस्तीने केली की ती पाहून केवळ षौकाने जमवणाऱ्यालाही आपल्या कपाटातल्या मालाकडे वेगळ्या नजरेने बघावे लागले. माझ्या मते छंद आणि संशोधन यांची खरी गाठ इथे पडली. किनियर यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या मुद्रणांचीही अशीच स्वतंत्र चरित्र-सूची तयार केली.

तबकडी काय सांगते

तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर गायकाचे नाव, राग किंवा नाटक, कंपनीचा क्रमांक असतो. चकतीभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला दुसरा एक क्रमांक असतो, साच्याचा. बाजारात विकायचा क्रमांक कंपनी पुढे बदलू शकते, जुनेच गाणे नव्या चकतीखाली पुन्हा विकू शकते. साच्याचा क्रमांक मात्र मुद्रणाच्या दिवशी पडलेला असतो आणि तो सहसा बदलत नाही. एका दौऱ्यातले असे क्रमांक ओळीने लावले की कुठल्या गायकानंतर कोण आले, मुद्रण कुठल्या शहरात झाले, कोण कुणाला साथीला होते, याचा अंदाज बांधता येतो. गायकांच्या चरित्रांतल्या कितीतरी ठोकून दिलेल्या तारखा अशाने दुरुस्त करता येतात.

स्थानिक इतिहासकाराच्या दृष्टीने तबकडीपेक्षाही मोलाचे असते तिचे कागदी पाकीट. त्यावर दुकानदाराचे नाव, पेठ, गाव छापलेले असते. ग्रामोफोन विकणारा बऱ्याचदा घड्याळे, सायकली, शिवणयंत्रे, हार्मोनियमही विकायचा, तेही त्यावर असते. दहा-बारा गावांची अशी पाकिटे एकत्र ठेवली तर १९३० च्या आसपास चैनीचा माल कुठल्या रेल्वे स्टेशनपर्यंत पोहोचत होता याचा नकाशा तयार होऊ शकतो. कंपन्यांची मराठीत छापलेली मासिक यादीपत्रके, गाण्यांच्या शब्दांच्या पुस्तिका, यंत्रावर ठोकलेली विक्रेत्याची पितळी पट्टी, सगळे याच जातीचे साहित्य. आणि हेच सगळ्यात आधी फेकले गेले. पाकीट फाटले की संग्राहक नवे पांढरे पाकीट घालतो, तबकडी सुरक्षित होते आणि तिचा गाव हरवतो.

गाण्याच्या पलीकडचेही मुद्रण आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात सरकारी खर्चाने मराठीसह अनेक भाषा-बोलींचे नमुने तबकडीवर घेतले गेले, आज ते इंटरनेटवर ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा बोलण्याचा हेल ऐकायचा असेल तर याइतके थेट साधन दुसरे नाही. वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने साधारण १९३५ ते १९५५ 'यंग इंडिया' नावाने तबकड्या काढल्या, त्यांत नामवंतांपेक्षा हौशी कलाकार, भाषणे, राष्ट्रीय गीते यांचा भरणा अधिक. बडे गवय्ये शोधणाऱ्यांनी त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांसाठीच्या योजनेतून त्यांचे डिजिटल जतन झाले, आणि तो प्रकल्प चालवला संग्राहकांनीच.

संग्राहक म्हणजे संशोधक का?

संग्राहकांचे म्हणणे सरळ आहे. आम्ही उचलल्या नसत्या तर या तबकड्या भंगारात गेल्या असत्या. विद्यापीठांच्या संगीत विभागांना, सरकारी पुराभिलेखागारांना तेव्हा त्यात रस नव्हता. लेबल वाचणे, क्रमांक लावणे, आवाज ओळखणे हे कौशल्य आम्ही वर्षानुवर्षे कान झिजवून मिळवले, त्याला पदवी नसली तरी ते ज्ञान आहे. शिवाय राजवाडेही बिनपगारीच होते.

अभ्यासकांचे आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला हव्यासाचा. संग्राहक दुर्मीळ वस्तूच्या मागे जातो, 'पहिली', 'एकमेव' असल्या विशेषणांना भुलतो, आणि खूप खपलेली, म्हणजेच खूप लोकांनी ऐकलेली तबकडी त्याच्या लेखी मामुली ठरते. इतिहासाला नेमकी तीच हवी असते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तबकडी ही समाजाने काय ऐकले याची नोंद नाही, कंपनीने काय विकायला काढले याची नोंद आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे बसतात, तेवढ्यात ख्याल कापूनछाटून बसवलेला असतो. रात्रभर चालणारे कीर्तन, तमाशातली बतावणी, जात्यावरची ओवी तिथे मावतच नाही. यंत्र तर सुखवस्तू घरांतच होते, बाकीच्यांनी ते जत्रेत पैसे मोजून किंवा शेजारच्या ओट्यावर बसून ऐकले. ऐकणाऱ्यांचा इतिहास तबकडीच्या चकतीवर छापलेला नसतो.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत असे म्हणून मोकळे होता येईल, पण मला दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तरही संग्राहकांकडेच आहे असे वाटते. तबकडी कुणाच्या घरातून आली, त्या घरात ती कोण लावत असे, कितीदा, कुठल्या प्रसंगी, हे विचारण्याची संधी फक्त विकत घेणाऱ्याला मिळते. अभ्यासक येईपर्यंत ते घर उरत नाही. बहुतेकांनी ही विचारपूस केली नाही, किंवा केली आणि लिहून ठेवली नाही. भाव कमी व्हावा म्हणून गप्प राहणे हा बाजाराचा नियम इथे इतिहासाच्या मुळावर आला.

कुठल्या वेगाने, कुठल्या आवाजात

तांत्रिक वाद बाहेरच्याला किरकोळ वाटतात, पण एक मात्र फार मूलभूत आहे. आपण सरसकट '७८ फेऱ्या' म्हणतो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. वेगात सुमारे साडेचार फेऱ्यांची चूक झाली की स्वर अर्ध्या अंतराने सरकतो. पांढरी चारमध्ये गाणारा काळी तीनमध्ये गायल्यासारखा ऐकू येतो, तान अधिक चपळ वाटते, गळा अधिक कोवळा. मग जुन्या गवयांच्या आवाजाविषयी आपण ज्या दंतकथा सांगतो त्यांतल्या किती मोटारीच्या वेगाच्या आहेत? साथीच्या हार्मोनियमवरून खरा वेग शोधावा असे काहीजण सुचवतात, पण त्या काळच्या पेट्यांची पट्टी तरी कुठे एकसारखी होती. गायकाच्या इतर मुद्रणांशी ताडून पाहणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग, आणि तोही अंदाजच. आज इंटरनेटवर चढवलेल्या जुन्या तबकड्यांत वेग कसा ठरवला याची नोंद क्वचितच असते.

खरखर काढावी की ठेवावी यावरही दोन तट आहेत. संगणकाने घासूनपुसून दिलेला आवाज नव्या श्रोत्याला गोड लागतो, पण खरखरीबरोबर आवाजाचे वरचे अंशही निघून जातात आणि गळ्याची धार बोथट होते. जाणत्यांचे मत आता बरेचसे असे जुळले आहे की मूळ, न शिवलेली प्रत आधी जतन करावी आणि साफ केलेली प्रत वेगळी ठेवावी. चावीच्या यंत्रावर दुर्मीळ तबकडी वाजवू नये, यावरही फारसा वाद उरलेला नाही. त्या साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून जास्त भार पोलादी सुईच्या टोकावर येतो, दर वेळी खाच थोडी कुरतडली जाते. तरीही मैफलीत कर्णा लावून ऐकवण्याचा मोह कुणाला आवरत नाही, हे समजण्यासारखे आहे.

यंत्रांच्या बाजाराबद्दल एवढेच सांगायला हवे की पितळी कर्ण्याचे, कुत्र्याचे चित्र चिकटवलेले चकचकीत 'अँटिक' ग्रामोफोन बहुतांशी अलीकडे जुळवलेले असतात. जुन्या पेटीच्या यंत्राची मोटार, नवी लाकडी पेटी, नवा कर्णा. शोभेला ठीक, अभ्यासाला निरुपयोगी. खऱ्या यंत्रांचे सुटे भाग असे जोडकामात गेले हे त्यातले अधिक मोठे नुकसान.

खरे-खोटे कसे ठरवायचे

२०१२ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांचा आवाज सापडल्याचे जाहीर झाले. १९१५ च्या गणेशोत्सवात केसरीवाड्यात कराचीच्या एका धनिकाने हे मुद्रण केल्याचे सांगण्यात आले. बातमीने साहजिकच सगळ्यांना हलवले. शंका घेणाऱ्यांचा मुद्दा तांत्रिक होता. विद्युत मायक्रोफोन यायच्या दहा वर्षे आधी, गर्दीच्या सभेत, कर्ण्यापासून दूर उभ्या असलेल्या वक्त्याचा आवाज असा उमटेल का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हौशी श्रीमंतांकडे मुद्रणाची यंत्रे होती, आणि कंपनीच्या कागदांत नोंद नाही म्हणून मुद्रण झालेच नाही असे होत नाही.

मला या प्रकरणात निकालापेक्षा पद्धतीचा अभाव महत्त्वाचा वाटतो. हस्तलिखित पुढे आले तर कागद, शाई, मोडीचे वळण, लेखनशैली तपासायची रीत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या काळापासून आपल्याकडे रुजली आहे. आवाजाच्या बाबतीत मूळ वस्तू कुठे आहे, ती कुणी पाहिली, तिच्यावरून प्रत कशी काढली, हे विचारण्याची सर्वमान्य रीत अजून नाही. भास्करबुवा बखले यांच्याबाबत हीच अडचण कायमची आहे. 'स्वयंवर'च्या त्यांच्या चाली आपण बालगंधर्वांच्या गळ्यातून ऐकतो, पण १९२२ मध्ये गेलेल्या बुवांची बाजारात आलेली तबकडी कुणाच्या हाती लागलेली नाही. त्यामुळे त्यांचा आवाज सापडल्याची कुठलीही वावडी पटकन पसरते.

मालकी, कायदा आणि वारसा

कायद्याची बाजू अनेक संग्राहकांना धूसर वाटते, प्रत्यक्षात ती बरीच स्पष्ट आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. त्यामुळे १९५० मधल्या तबकडीचा ध्वनी आज मोकळा आहे, पण तिच्यावर गदिमांचे गीत असेल तर ते १९७७ मध्ये गेल्यामुळे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत राहतो. देवल-खाडिलकरांच्या पदांना ही अडचण नाही. तरीही बरेच संग्राहक आपला साठा उघडा करत नाहीत. त्याचे कारण कायदा नसून, फुकट घेतलेल्या प्रतीवर दुसरा कुणी आपले नाव घालून पुढे पाठवतो, हा अनुभव आहे. ही तक्रार रास्त आहे. पण कुलूप हे तिचे उत्तर नाही, असे मानणारा गटही वाढतो आहे. बंगळुरूचे 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' आणि कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा संग्रह ही खुल्या किंवा अर्धखुल्या वाटेची उदाहरणे.

पुरावस्तू कायद्याचा प्रश्न मात्र खरोखरच अनुत्तरित आहे. १९७२ च्या कायद्यात पुरावस्तूला शंभर वर्षांची अट आहे, आणि १९०२ व त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या तबकड्यांनी ती ओलांडली. कारखान्यात शेकड्यांनी छापलेली वस्तू पुरावस्तू धरायची का? धरली तर परदेशी संग्राहकांना होणारी विक्री बेकायदा ठरेल. न धरली तर एखाद्या गायिकेची उरलेली एकुलती एक प्रत देशाबाहेर जाताना कुणी अडवू शकणार नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या तबकडीसाठी निवडली गेली तेव्हा ती न्यूयॉर्कच्या एका भारतीय दुकानात शोधावी लागली होती, हे इथे आठवते.

सगळ्यात कठीण प्रश्न संग्राहकामागचा. घरच्यांना बहुधा रस नसतो, जागा हवी असते. राजा दिनकर केळकरांनी आपला अवघा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला आणि पुण्यात त्याचे संग्रहालय झाले, पण वस्तू मांडता येतात, हजारो जड, ठिसूळ तबकड्या ठेवायला कोरडी जागा, सूची करणारा माणूस आणि वाजवणारे यंत्र तिन्ही लागतात. गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतसंग्रह केंद्र १९८२ पासून हे काम शिस्तीने करते आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये अशोक रानडे यांच्या काळात ध्वनिसंग्रहाचे काम झाले. केरळात कोट्टायम जिल्ह्यात प्लाश्शनाल इथे एका संग्राहकाने स्वतःच संग्रहालय उभारले. महाराष्ट्रात मात्र कुणाचाही संग्रह, मग तो मिरजेचा असो वा अमळनेरचा, निःशंकपणे स्वीकारील अशी एकही सार्वजनिक जागा नाही. जिल्हा ग्रंथालये आणि स्थानिक इतिहास मंडळे हे काम करू शकतील असे काहीजण सुचवतात. माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे, कारण पाकिटावरचा पत्ता ओळखणारा माणूस त्या गावातच सापडतो, मुंबईत नाही.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. घरात आजोबांच्या तबकड्यांची पेटी असेल तर ती विकण्यापूर्वी वा कुणाला देण्यापूर्वी चकती, गुळगुळीत पट्टीतले क्रमांक आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि ती पेटी कुठल्या दुकानातून, कुणी, साधारण कधी आणली, घरात कोण लावत असे, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून एका वहीत लिहावे. तबकड्या कुणाला द्यायच्या हे नंतर ठरवता येईल. विचारायचे मात्र आजच विचारून घ्यावे.